१९४१ ची रणजी आणि आपण खान्देशी

जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या क्रिकेटवेड्याला विचारा, "रणजीत तुझी टीम कोणती भो?" बहुतेक वेळा उत्तर येतं, मुंबई. का? तर गावसकर, वेंगसरकर, सचिन... वगैरे वगैरे. उत्तर समजण्यासारखं आहे, पण चूक आहे. रणजीच्या नकाशावर आपल्या राज्याच्या तीन टीम आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत, जिचा कारभार चालतो पुण्यातून. म्हणजे खान्देशातला एखादा पोरगा उद्या घरच्या टीमकडून रणजी खेळलाच, तर तो 'महाराष्ट्र'कडून खेळणार, आणि मुंबई त्याच्या समोर असणार.

ही आपली टीम रणजी करंडक दोनदा जिंकली आहे. १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ. त्यानंतर एकदाही नाही.

शेजाऱ्याचं बघा. मुक्ताईनगरहून अकोल्याकडे निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर मलकापूर लागतं. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भ. त्या मलकापूरच्या माणसाकडे २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन रणजी आहेत. अलीकडच्या मुक्ताईनगरवाल्याकडे दोन, त्याही आजोबांच्या काळातल्या! :)

पण त्या दोन काय होत्या, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नाही. म्हणून हा वीकेंडचा लेख.

आधी नावाची गंमत. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. महाराष्ट्र नावाची क्रिकेट टीम मात्र रणजीच्या पहिल्याच मोसमापासून, १९३४-३५ पासून खेळते आहे. म्हणजे राज्याच्या आधी पंचवीस वर्षं! तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. जळगाव हे पूर्व खान्देशचं मुख्य ठाणं, धुळे हे पश्चिम खान्देशचं. जळगावचं मू. जे. कॉलेज आणि अमळनेरचं प्रताप कॉलेज ही दोन्ही १९४५ ची. त्याआधी मॅट्रिकनंतर शिकायचं तर ट्रंक उचलायची आणि पुणं, नाशिक, मुंबई किंवा बडोदं गाठायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॅप्टन. दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२. पेशाने पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. होय, संस्कृतचे! आठवडाभर पोरांना संस्कृत शिकवणारा माणूस मैदानावर उतरला की भल्याभल्या बोलर्सना घाम फोडायचा. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनची एमसीसी टीम भारतात आली होती. तेव्हा मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर देवधरांनी तिच्याविरुद्ध १४८ काढले. भारतीय माणूस साहेबाच्या बरोबरीने खेळू शकतो, हे ज्या मोजक्या खेळींनी त्या दौऱ्यात दाखवलं त्यातली ही एक. पण भारताला पहिली अधिकृत टेस्ट मिळाली १९३२ मध्ये. तेव्हा प्रोफेसर चाळिशीत होते. टेस्ट कॅप त्यांना कधीच मिळाली नाही.

दुसऱ्या कोणी बॅट माळ्यावर टाकून पेन्शनीचा हिशोब सुरू केला असता. या गृहस्थांनी काय केलं, तर महाराष्ट्राची टीम बांधली.

१९३९-४० च्या मोसमात सांगलीच्या विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढले. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. फायनल पुण्यातच झाली, समोर होती संयुक्त प्रांताची टीम, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश. महाराष्ट्राने दहा विकेट्सनी जिंकली. पहिला करंडक.

पण माझ्या मते खरा मोठा विजय पुढच्या मोसमातला. फायनलसुद्धा नाही, त्याआधीची मुंबईविरुद्धची मॅच.

रणजीच्या नॉकआउट मॅचचा एक नियम आधी सांगतो. मॅच ड्रॉ झाली, तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो. एका रनाची आघाडीसुद्धा पुरते. नवख्या माणसाला हा नियम रटाळ वाटतो, पण कमी ताकदीच्या टीमला यात एक संधी असते. समोरच्याला दोनदा ऑलआउट करायची ताकद नसली, तरी एकदा तासन् तास बॅटिंग करून त्याच्या पुढे राहता येतं. त्याला स्टार लागत नाहीत (असले तर उत्तमच), धीर लागतो.

पुण्यात महाराष्ट्राने आधी ६७५ केले. त्यात देवधरांचे २४६. वय वर्षं ४८! आपल्याकडे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस जिना चढताना मधे थांबतो. मुंबई म्हणजे विजय मर्चंटची मुंबई, ती काय गप्प बसणार? खंडू रांगणेकरने द्विशतक ठोकलं, मुंबई ६५० पर्यंत पोचली. आणि तिथे ऑलआउट झाली. २५ रन्स कमी. दोन्हीकडून मिळून तेराशेच्या वर रन्स, आणि फैसला पंचवीसवर.

त्यानंतर त्या टीमला कोण अडवणार? सेमीफायनलला नॉर्दर्न इंडियाविरुद्ध ७९८. हा तेव्हाचा रणजीतला सर्वांत मोठा स्कोअर. रंगा सोहोनींनी त्या मोसमात चार मॅचमध्ये ६५५ रन्स केले. फायनल मद्रासला, मद्रासच्याच टीमविरुद्ध. सहा विकेट्सनी जिंकली. दुसरा करंडक.

या दोन मोसमांकडे बघताना मला एक गोष्ट जाणवते. मुंबईकडे मैदानं होती, जिमखाने होते, पंचरंगी सामन्यांना लोटणारी गर्दी होती. महाराष्ट्राच्या टीमकडे होता एक प्राध्यापक आणि सांगली-कोल्हापूर-पुण्याची पोरं. पण ही सगळी माणसं एकाच वेळी एका जागी होती. त्या विजयाचं गुपित मला तरी एवढंच दिसतं.

आणि नंतरच्या दुष्काळाचं कारणही तिथेच सापडतं. माणसं निघून गेली.

१९४१ नंतर विजय हजारे बडोद्याकडून खेळू लागले. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. बडोद्याच्या गायकवाडांकडे दरबारी नोकरी होती, मान होता. बडोद्याने १९४२-४३ ला रणजी जिंकली. १९४६-४७ च्या फायनलला हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर टीमविरुद्ध ५७७ रन्सची भागीदारी केली आणि बडोद्याने पुन्हा करंडक नेला. सोहोनीही पुढे बडोदा आणि मुंबईकडून खेळले.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट भाऊसाहेब निंबाळकरांची. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. के. व्ही. भांडारकरांचे २०५, दोघांची भागीदारी ४५५. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम फक्त नऊ रन्स दूर... आणि काठियावाडच्या कॅप्टनने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, मॅच सोडून दिली. टीम मैदानात उतरलीच नाही. दोन चौकार आणि एक सिंगल, म्हणजे बरोबरी, इतकंच हवं होतं हो! हे निंबाळकर पुढे होळकर, राजस्थान, रेल्वे असं करत खेळत राहिले. टेस्ट एकही मिळाली नाही.

त्याच मोसमात पुण्यात मुंबईविरुद्ध सेमीफायनल झाली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका मॅचमध्ये २,३७६ रन्स! चौथ्या डावात ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ रन्सनी हरला. म्हणजे लढायची ताकद शिल्लक होती, पण बाजू पालटलेली होती.

आता नकाशा काढा आणि मधोमध खान्देश ठेवा. धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की इंदूर, म्हणजे होळकरांची टीम. सी. के. नायडू, मुश्ताक अली. १९४५-४६, ४७-४८, ५०-५१, ५२-५३ असे चार करंडक. जळगावहून ताप्ती व्हॅली लाइनने अमळनेर, नंदुरबार करत सुरत, आणि तिथून वर बडोदं. तिथेही चार करंडक : ४२-४३, ४६-४७, ४९-५०, ५७-५८. नाशिकच्या बाजूने उतरलं की मुंबई, तिचे तर मोजायलाच नकोत. चॅम्पियन टीम तीन दिशांना आणि आपण बरोबर मधे, जंक्शनसारखे. गाड्या सगळ्या येतात, थांबतात, निघून जातात. भुसावळच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

ही जंक्शनची गोष्ट फक्त क्रिकेटची नाही. हिंजवडीत, बंगळुरात, नाहीतर न्यू जर्सीत बसून हे वाचणारे जे कोणी जळगाव-धुळ्याचे असतील, ते सगळे याच गाड्यांतून गेलेले. मीही त्यातलाच. हजारेंनी बडोद्याची नोकरी धरली म्हणून त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला तर मुळीच नाही. जिथे काम मिळतं तिथे माणूस जातो. प्रश्न एवढाच, की ज्या गावाचा माणूस जातो त्या गावाकडे मग काय उरतं?

असो. पुढची गोष्ट भराभर सांगतो, कारण ती फारशी सुखाची नाही. १९७०-७१ ची फायनल मुंबईविरुद्ध. मुंबईचे वाडेकर, गावसकर वगैरे दिग्गज वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईकच्या हाताखाली दुसऱ्या फळीची मुंबई. याहून चांगली संधी कुठली? ४८ रन्सनी हरलो. १९९२-९३ ची फायनल लुधियानाला, पंजाबकडून हरलो.

आणि मग जानेवारी २०१४. क्वार्टरफायनल, वानखेडे, समोर मुंबई. तोपर्यंत चाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई. पहिल्या डावात मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. देवधरांच्या नियमाने बघितलं तर कामच तमाम, आघाडी गेली. आता ड्रॉ म्हणजे हार, जिंकायचं तर थेटच. आणि दुसऱ्या डावात मुंबई १२९ मध्ये गारद! टार्गेट २५२. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. फक्त दोन विकेट्स गमावून महाराष्ट्राने मॅच मारली, मुंबईच्या अंगणात.

यातला झोल जालन्याचा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याच वर्षी तो अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन होता. जालना म्हणजे काही पुणं नव्हे. आपल्या जळगावसारखंच बाजारपेठेचं गाव. त्या गावचा पोरगा वानखेडेवर मुंबईला हरवून नाबाद परत येतो, हे बघताना मला तरी ६७५ विरुद्ध ६५० ची आठवण झाली. केदारने त्या मोसमात १,२२३ रन्स केले. फायनल हैदराबादला झाली, कर्नाटकने सात विकेट्सनी जिंकली. करंडक पुन्हा हुकला. पण फॅन म्हणून विचाराल तर वानखेडेचा तो चौथा डाव माझ्या हिशोबी करंडकाच्या बरोबरीचा आहे.

मधल्या काळात खान्देशातही एक वेगळी गोष्ट घडली. जळगावच्या जैन इरिगेशनने स्वतःची क्रिकेट टीम उभी केली, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. म्हणजे बडोद्याच्या महाराजांनी जे केलं, तेच एका ठिबक सिंचनवाल्या कंपनीने केलं. गंमत अशी की या टीमचं नाव झालं मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये. खेळायला शेवटी मुंबईलाच जावं लागलं! तरी मला ही सुरुवात मोलाची वाटते. पगार गावच्या कंपनीचा आणि छातीवर गावच्या कंपनीचं नाव, हे १९४१ मध्ये आपल्याकडे कुठे होतं?

प्रोफेसर देवधर पुढे बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच मॅचच्या दोन्ही डावांत शतकं काढून गेले, १०५ आणि १४१. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाची देवधर ट्रॉफी सुरू झाली. १९९३ मध्ये ते गेले तेव्हा वय होतं १०१. महाराष्ट्राचा तिसरा करंडक मात्र त्यांना बघायला मिळाला नाही. टीमचं काम संपवून ते पुन्हा आपल्या कॉलेजच्या वर्गात जायचे, आणि ते कॉलेज पुण्यातच होतं. या सगळ्या गोष्टीतला, आपली जागा न सोडलेला हा एक माणूस, आणि दोन्ही करंडक नेमके त्याच्याच नावावर. यातून ज्याने त्याने काय घ्यायचं ते घ्यावं.

मी एवढंच घेतलं : माणूस कामासाठी कुठेही जावो, आपली टीम कोणती हे त्याला माहीत असावं. पुण्यात राहणाऱ्या खान्देशींना तर गहुंजे हाकेच्या अंतरावर. चार दिवसांच्या रणजी मॅचला गर्दी नसते, जागा हवी तिथे मिळते. पुढच्या मोसमात मुंबई-महाराष्ट्र मॅच लागली तर एखादा दिवस जाऊन बसा, आणि कोणी विचारलं "कुणाच्या बाजूने?", तर बिनधास्त सांगा, ६७५ वाल्यांच्या.