मरोळची साथ आणि इस्पितळातला न्यूमोनिया

साष्टीतील मरोळ या गावाचा इतिहास रोगभयाने झालेल्या एका स्थलांतरापासून सुरू करणे प्राप्त आहे. आज मरोळजवळच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड, कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या दाटीत, सेंट जॉन द बॅप्टिस्टचे जे भग्न प्रार्थनामंदिर उभे आहे, ते जेजुइट पाद्र्यांनी 1579 साली बांधले. पुढे फिरंग्यांचा अंमल जाऊन मराठ्यांचा आला, तोही जाऊन इंग्रजांचा आला, तरी तेथली ख्रिस्ती रयत जागची हलली नाही; परंतु तीन राजवटींना जे साधले नाही ते 1840 च्या साथीने साधले, आणि ग्रामस्थांनी ते स्थान सोडून मरोळात वस्ती केली व तेथे नवे देवालय उभारले. रोग जागेला चिकटलेला असतो, जागा सोडली की तोही सुटतो, ही त्या काळची धारणा होती.

या धारणेला मोठा तडा मुंबईच्या प्लेगने दिला. 23 सप्टेंबर 1896 रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत त्या रोगाचे निदान केले, आणि लवकरच ग्रँट मेडिकल कॉलेजातील चाइल्ड या विकृतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अंगावर गाठ न येता केवळ फुप्फुसाला ग्रासणारा प्लेगही असतो व तो रोग्याच्या खोकल्यातून शुश्रूषा करणाऱ्यास जडतो. त्याची भीषण प्रचीती व्हिएन्नात आली. मुंबईहून नेलेल्या जंतूंवर प्रयोग चालू असता 1898 साली प्रयोगशाळेतील एका सेवकास हा रोग झाला, आणि त्याच्यामागून त्याची परिचारिका व मुंबईत प्लेगचा अभ्यास करून परतलेले डॉ. म्युलर हेही मरण पावले. रोग आता जागेत नव्हे, तर उपचाराच्या सान्निध्यातच शोधणे भाग होते.

आजच्या इस्पितळातला न्यूमोनिया मात्र निराळ्या वाटेने आला. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ उसळली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवून, वैद्यकीय विद्यार्थ्यांकरवी रात्रंदिवस हाताने पिशवी दाबवून, रोग्यांचा श्वास चालू ठेवण्याची तजवीज केली; अतिदक्षता विभागाचा उगम तो हाच. परंतु ज्या नळीने प्राण वाचले तिनेच घशाचे नैसर्गिक पहारे उठवले. पुढे 1969 साली जोहान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, अत्यवस्थ रोग्याच्या घशात ग्राम-निगेटिव्ह जंतू ठाण मांडतात. तेथून लाळेबरोबर फुप्फुसात उतरण्यास त्यांना वेळ लागत नाही.

इस्पितळात दाखल झाल्यापासून, अथवा नळी घातल्यापासून, 48 तासांनंतर उद्भवणारा न्यूमोनिया तो इस्पितळातला, असा वैद्यकाचा शिरस्ता आहे. ताप, पुवासारखा कफ, रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढ वा घट, ऑक्सिजनची वाढती गरज आणि एक्स-रेत उमटलेली नवी छाया ही त्याची लक्षणे. मात्र फुप्फुसात पाणी साचल्यानेही तशीच छाया दिसते, आणि वृद्धांत कित्येकदा ताप न येता केवळ भ्रम होतो, म्हणून एकट्या लक्षणावर निर्णय देता येत नाही. कफ व रक्त तपासणीस पाठवावे, त्या इस्पितळात कोणते जंतू आढळतात याचे दफ्तर पाहून विनाविलंब प्रतिजैविक सुरू करावे, कल्चरचा अहवाल येताच अनावश्यक औषध बंद करावे, आणि प्रकृती सुधारत असल्यास बहुधा सात दिवसांत उपचार आटोपावा, हा आजचा दंडक. क्लेबसिएला व असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू आपल्याकडे प्रबळ औषधांनाही दाद देईनासे झाल्यामुळे हा संयम अधिकच निकडीचा ठरतो.

मरोळात महापालिकेच्या जमिनीवर उभारलेले आणि काही काळ बंद पडलेले सेव्हनहिल्स इस्पितळ 2020 साली कोविडसाठी पुन्हा उघडले, तेव्हा ज्या परिसराने 1840 त साथीपासून पळून आलेल्यांना आसरा दिला, तेथेच शहरभरचे साथग्रस्त उपचारार्थ येऊ लागले. पळण्याची तोड आता उरलेली नाही. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यास जागा सोडता येत नाही. त्याच्या न्यूमोनियाचा बंदोबस्त खाटेपाशीच करावा लागतो: उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली, तोंड नियमाने स्वच्छ केलेले, गुंगीचे औषध रोज थांबवून श्वासाची परीक्षा घेतलेली, नळी शक्य तितक्या लवकर काढलेली, आणि प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुतलेले.

यांतले बहुतेक काम परिचारिकेच्या हातून होते, आणि त्याची कोठे वाहवा होत नाही. म्हणून आप्तांनी रोग्यापाशी गर्दी करू नये, स्वतः हात धुवावेत, खाटेची उशाकडची बाजू खाली दिसल्यास नम्रपणे विचारावे, आणि अधिक जालीम औषधाचा हट्ट धरण्यापेक्षा पुरेशा परिचारिकांचा आग्रह धरावा. हा रोग आवरण्यास इमारतीपेक्षा माणसे अधिक लागतात.