धातूची कुजबुज

बाजारात मडके घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते. खणखणीत नाद आला तर मडके पक्के, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. बाष्पपात्रांचे तपासनीसही असेच हातोडीने ठोकून पोलादाची परीक्षा करीत. परंतु ठोकल्यावर पात्र बोलते ते आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. दाबाखाली ताणले जाताना ते आपण होऊन काही सांगते काय, हा विचार पुष्कळ उशिरा सुचला.

तोवर बरीच किंमत मोजावी लागली होती. 20 मार्च 1905 रोजी सकाळी अमेरिकेतील ब्रॉकटन या गावी जोड्यांच्या कारखान्यातील बाष्पपात्र फुटले. ते छप्पर भेदून वर गेले, इमारत कोसळली, आग लागली आणि 58 माणसे प्राणास मुकली. पत्र्यावर पत्रा ठेवून रिवेटांनी सांधलेल्या जोडात ही भेग वाढत गेली होती. ती वरून दिसणारी नव्हती. या आपत्तीनंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने बाष्पपात्रांसाठी नियम केले, आणि पुढे 1915 मध्ये अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पपात्रसंहिता प्रसिद्ध झाली. पात्रे अधिक निर्धोक झाली. पण पोलादाच्या अंगात काय चालले आहे, हा प्रश्न उरलाच.

त्याच्या उत्तराची खूण जुनीच होती. कल्हईसाठी वापरतात त्या कथिलाची कांब वाकवली की ती करकरते. इतर धातूही असेच बोलतात, फक्त त्यांचा आवाज कानाला पोहोचत नाही. जर्मनीत म्युनिक येथील योझेफ कायझर यांनी संवेदनशील उपकरणांच्या साहाय्याने ताणल्या जाणाऱ्या धातूंचे सूक्ष्म ध्वनी टिपले आणि 1950 साली आपला प्रबंध सादर केला. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. एकदा सोसलेला भार धातूला पुन्हा दिला तर तो गप्प राहतो. त्या भाराची मर्यादा ओलांडली की मगच पुन्हा बोलू लागतो. जणू सोसलेले त्याच्या स्मरणात असते. हाच पुढे ‘कायझर परिणाम’ म्हणून ओळखला गेला.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान 1960 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत दाबपात्रांच्या परीक्षेस लावले गेले. पोलारिस अग्निबाणांची कवचे पाण्याच्या दाबाने तपासताना त्यांतून उठणारे आवाज अभियंत्यांनी ध्वनिमुद्रित केले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील हॅरल्ड डनेगन यांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्यांकडे लक्ष वळवले. तेथे पंपांचा आणि यंत्रांचा गोंगाट फारसा पोहोचत नाही, त्यामुळे भेगेचा क्षीण स्वर वेगळा काढता येतो.

दोषाची जागा शोधण्याची युक्ती भूकंपशास्त्रातल्यासारखीच आहे. पात्राच्या अंगावर ठिकठिकाणी संवेदक बसवतात. भेग किंचित वाढली की तिची लहर पोलादातून धावते आणि प्रत्येक संवेदकाला वेगवेगळ्या क्षणी गाठते. लहरीचा वेग सेकंदाला तीन हजार मीटर धरला, तर सेकंदाच्या हजाराव्या अंशाचा फरक म्हणजे तीन मीटरांचा फरक. दोन संवेदकांच्या वेळांवरून एक वक्ररेषा मिळते, तिसऱ्याच्या साहाय्याने त्या रेषेवरचे ठिकाण निश्चित होते. मग संपूर्ण पात्र इंचाइंचाने न धुंडाळता तेवढाच भाग श्रवणातीत ध्वनीने किंवा क्ष-किरणांनी तपासता येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. निद्रिस्त भेग आवाज करीत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी पात्राला नेहमीपेक्षा थोडा अधिक दाब द्यावा लागतो. गळती आणि घर्षणही आवाज करतात, त्यांतून खरा स्वर निवडण्यास अनुभव लागतो. पण जुन्या भाराच्या आतच एखादे पात्र बोलू लागले, तर मधल्या काळात त्याच्या अंगात काही बिघडले आहे, असा संशय घ्यावाच लागतो. अशा वेळी दाब वाढवणे तेथेच थांबवतात. पात्र फुटल्यावर दोषाची जागा हुडकण्याऐवजी ते शाबूत असतानाच ती कळावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.