विहिरीवरचं इंजिन आणि दारातली डिझेल गाडी

आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला डिझेल गाडीचं एवढं वेड का, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारायचे. मायलेज हे उत्तर सगळेच देतात. ते खरंही आहे, पण माझ्या मते निम्मंच.

पुणे-मिरज लोहमार्गावरचं सातारा रोड म्हणजे कोरेगाव तालुक्यातलं पाडळी. इथं धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. आधी नांगर, आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.) तिकडे कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या आश्रयानं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगर, मग पंप. आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. म्हणजे चारचाकी दारात यायच्या कितीतरी आधी डिझेल इंजिन आमच्या विहिरीवर येऊन बसलं होतं. हँडल मारून ते चालू करणं, पाइपात हवा धरली की ती काढणं, धुराच्या रंगावरून दुखणं ओळखणं, हे सातवी नापास पोरालाही येत असे.

विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या तसे इंजिनांचे मिस्त्री ट्रॅक्टरकडे आणि वडापच्या जीपकडे वळले. कूपरांचा कारखाना पुढे वालचंद हिराचंदांच्या समूहात गेला. वालचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली होती आणि सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्या प्रीमियरच्या पद्मिनीत १९९० च्या दशकात डिझेल इंजिन बसलं. अँबॅसिडरला ते १९८० च्या सुमारासच मिळालं होतं. पण मध्यमवर्गाच्या दारात डिझेल गाडी आणली ती १९९८ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडहून आलेल्या टाटा इंडिकानं. पाच-सहा वर्षांत याच इंडिका जुन्या बाजारात आल्या आणि शिक्षक, ग्रामसेवक, साखर कारखान्यातले कारकून यांना पहिल्यांदा चारचाकी परवडली.

आम्हीही २००६ साली अशीच एक सांगलीहून आणली. बघायला जाताना ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर नेलं. त्यांची एकच अट होती : सकाळी लवकर जायचं आणि मालकाला आधी गाडी चालू करू द्यायची नाही. गेल्या गेल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली. मग चावी. हीटरचा दिवा विझल्यावर गाडी किती फिरक्यांत धरते ते मोजलं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून दम बघितला. भसाभसा वाफ आली असती तर बोअर-पिस्टन गेलं म्हणून परत फिरायचं. एक्सलेटर दाबल्यावर काळा धूर असेल तर नोझल-पंपाचं काम, निळा असेल तर ऑइल जळतंय. मीटरच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "तो मागं फिरवता येतो गुरुजी, धूर नाही," म्हणाले.

आता थोडं कडू. डिझेल स्वस्त ठेवलं होतं ते एसटीसाठी, मालट्रकसाठी, शेतीसाठी. मे २०१२ मध्ये मुंबईत पेट्रोल ७८ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४५ च्या आसपास होतं. त्या सवलतीत आम्ही पगारदार सहकुटुंब बसून जोतिबाला जाऊन येत होतो. २०१० मध्ये किरीट पारीख समितीनं डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचा जादा कर सुचवला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर केवढी आरडाओरड! मला विचाराल तर समितीचं बरोबर होतं. तो कर काही लागला नाही, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारनं बाजारावर सोडला.

पुतण्याचा परवा फोन आला. "काका, जुनी डिझेल घेऊ का?" मी हिशेब मांडून दिला. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर, डिझेल १९ धरली, तर २०१२ च्या भावानं डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी येत होता. २०२४ मध्ये आपल्याकडे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ च्या आसपास होतं, त्या भावानं तो दोन तृतीयांशाच्या वर जातो. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेदहा हजार वाचतात. चार इंजेक्टर बदलायची वेळ आली की तेवढी काही वर्षांची बचत एका बिलात जाते. कॉमन रेल इंजिन आल्यापासून बॉनेटवर हात ठेवून भागतही नाही, स्कॅनर लावावा लागतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी असते. गावातल्या गावात फिरलं तर ती तुंबते. ती साफ व्हायला गाडी हायवेला नीट तापावी लागते. रोज कराड-सांगली करणाऱ्याला चालेल, बाजारहाट आणि दवाखान्यापुरती हवी त्याला नाही.

त्यानं सांगितलेली गाडी दिल्ली पासिंगची निघाली. स्वस्त का, ते उघड आहे. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हा त्याला म्हटलं, बाबा, आधी तिकडचं ना-हरकत पत्र बघ, कर्ज फिटल्याचा कागद बघ, इथला रस्ता कर किती बसेल ते सातारच्या आरटीओत विचार, आणि मग किंमत बोल. मिस्त्रींचा मुलगा आता स्कॅनर घेऊन येतो. रविवारी सकाळी सात वाजता त्याला बोलावलंय.