माहेर, वॉर्ड आणि तिपात हलावचे बाकडे

रूथच्या ग्रंथाच्या शेवटी एक लहानशी गोष्ट येते. रूथला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव बापाने ठेवले नाही की आजीने ठेवले नाही. ते शेजारणींनी ठेवले. ओबेद हे ते नाव. शाबुओथच्या सणाला हा ग्रंथ आपण ऐकतो, पण या शेजारणींकडे आपले फारसे लक्ष जात नाही. रूथ परमुलखातून आलेली सून होती. तिचे माहेर मवाबात मागे राहिले होते. दिवस भरत आले तेव्हा तिच्याजवळ कोण बसत असे, हे ग्रंथ सांगत नाही. परंतु ज्या बायकांना बाळाचे नाव ठेवण्याचा मान मिळाला, त्या काही फक्त बारशापुरत्या आलेल्या नसणार, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज लिहिले, शनवार तेल्यांचे घाणे लिहिले, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेली पहिली मशीद लिहिली, पलटणीतील सुभेदार लिहिले. हे सर्व लिहायलाच हवे होते. परंतु हा समाज ज्यांच्या पोटी वाढला त्या बायकांनी आपला नववा महिना कसा काढला आणि कोणाच्या सोबतीने काढला, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. आयुष्याची बहुतेक वर्षे आम्ही परिचारिकेचे काम केले. जे कानांवर आले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते आज थोडे मांडावे म्हणतो.

कोकणातली ओसरी

जुन्या कुलाबा जिल्ह्यातील अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा, म्हसळा या भागांत आपली घरे होती. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी व्हावे, ही रीत आपण आपल्या शेजाऱ्यांप्रमाणेच पाळीत होतो. नवरा मुंबईत नोकरीला किंवा पलटणीत असे आणि बायकोला दिवस गेले की सातव्या महिन्यात ओटी भरून तिला माहेरी धाडीत. कोकण आणि मुंबई यांच्यामध्ये समुद्र. पावसाळ्यात होड्या आणि आगबोटी बंद राहत. म्हणून श्रावण-भाद्रपदात बाळंत होणारीला वैशाखातच पाणी ओलांडून यावे लागे. असे करता करता एकाच आळीत, कधी एकाच घरात, दोघी-तिघी अवघडलेल्या बायका पावसाचे ते महिने एकमेकींबरोबर काढीत. एक या घरची लेक, एक शेजारची, आणि एखादी घरातलीच सून, जिची ही दुसरी-तिसरी खेप असे.

हात रिकामे नसत. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायची, टोपडी-झबली बेतायची, तांदूळ निवडायचे, दिवेलागणीला अंगणात फेऱ्या घालायच्या. सुखरूप सुटका झाली तर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन, असा नवस बोलायचा. म्हणजे पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांची जुळवाजुळव आधीच मनात सुरू व्हायची. बोलणे तर नेहमीचेच. पाय सुजले, छातीत जळजळते, कूस बदलता येत नाही, काल रात्री कळ आली आणि गेली. जिची खेप दुसरी ती पहिलटकरणीला सांगे, "जी कळ चालल्यावर, पडल्यावर निघून जाते ती खोटी. जी ठरावीक वेळाने येते आणि दर वेळी वाढते, ती खरी." पुढे नर्सिंगच्या पुस्तकात आम्ही हेच वाचले.

पण माहेर म्हणजे सगळे गोडच होते, असे लिहिणे खोटेपणाचे होईल. रक्त जाऊ लागले, मूल आडवे असले किंवा झटके आले, तर सुईणीच्या हातात उपाय नसे. डॉक्टर गाठायचा तर खाडी ओलांडायची, आणि भर पावसात खाडी कोण ओलांडणार? ओसरीवर बसलेल्या तिघींपैकी एखादी राहिली नाही, असे आमच्या आज्यांच्या बोलण्यात कधीतरी येई. आणि मग त्या गप्प होत.

मुंबईचा वॉर्ड

याचे उत्तर मुंबईत तयार होत होते. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले, बायका-मुलांसाठी आणि स्त्री डॉक्टरांच्या हाताखाली. डॉ. एडिथ पीची या त्याच्या पहिल्या प्रमुख. १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. आपल्या मुली शिकू लागल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा शिक्षिका झाल्या, पुष्कळशा परिचारिका झाल्या, आणि एक डॉ. जेरुशा झिराड झाल्या.

डॉ. झिराड यांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे, पण त्यांनी नेमके काय केले हे तरुण पिढीला सांगावे लागते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या इंग्लंडला गेल्या, १९१९ मध्ये लंडनची प्रसूतिशास्त्रातील एम. डी. घेतली आणि १९२८ ते १९४७ पर्यंत कामा इस्पितळाचा कारभार त्यांनी सांभाळला. मुंबई शहरात बाळंतपणात बायका कशाने दगावतात याची चौकशी करून त्यांनी १९४१ साली अहवाल लिहिला. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ओसरीवरच्या आज्या ज्या गोष्टीपाशी गप्प होत, तीच गोष्ट आपल्या एका लेकीने कागदावर आकड्यांत मांडली, हे आम्हांला पद्मश्रीपेक्षाही मोठे वाटते.

त्याच काळात, १९२८ पासून, डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज बाई मुंबईतील गरोदर बायकांच्या पांढुरकेपणाचा, म्हणजे रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्यांतल्या एका प्रकारच्या रक्तक्षयाला उतार पडतो, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे ठेवले. पुढे त्याच वाटेने फॉलिक ॲसिड सापडले. आज जगभर गरोदर बाईच्या हातावर जी छोटी गोळी ठेवतात, तिचा एक धागा मुंबईच्या त्या बायकांपर्यंत जातो.

इस्पितळात जीव वाचू लागले. पण ओसरीचे काय झाले? आमच्या आया सांगत, ओसरी वॉर्डात आली. रांगेने खाटा. भेटायच्या वेळी घरचे लोक डबा आणीत आणि तेवढा वेळ संपला की पुन्हा बायका बायकाच उरत. गुजराती, मुसलमान, ख्रिस्ती, मराठा, आपली. शेजारच्या खाटेवरची कण्हू लागली की हिने नर्सला हाक मारायची. चाळीतही तेच. नळावर, जिन्यात, गॅलरीत कोणाचे कितवे दिवस चालू आहेत हे साऱ्या मजल्याला ठाऊक असे. जे लोक या चौकशांना चोंबडेपणा म्हणत, त्यांनी त्यांचा उपयोगही पाहिलेला असे.

बाकडे

आणि मग आपण इस्राएलला आलो. १९४८ नंतर जी कुटुंबे आली, त्यांतल्या अनेकांना बेरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामले या गावांत घरे मिळाली. दिमोना गाव १९५५ साली वसले. बहुतेक पहिले रहिवासी उत्तर आफ्रिकेतून आलेले. त्या वाळूच्या गावांत आपल्या ज्या सुना बाळंत झाल्या, त्यांची आई मुंबईत होती. पत्र जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत बाळ महिन्याचे होऊन जाई. सातव्या महिन्यात धाडायला माहेरच उरले नव्हते. आलिया करताना आपण घर सोडले, नोकरी सोडली, भाषा सोडली, हे पुष्कळदा बोलले जाते. बायकांनी बाळंतपणाची जागा सोडली, हे फारसे कोणी बोलत नाही.

या देशाने दिले तेही सांगितले पाहिजे. एप्रिल १९५४ पासून राष्ट्रीय विमा लागू झाला. इस्पितळात बाळंत होणाऱ्या आईला प्रसूतीचे अनुदान मिळू लागले, आणि ते घरी बाळंत होणारीला नव्हते. बायकांनी इस्पितळात यावे हाच त्यात हेतू होता. १९५९ साली बेरशेबाला मोठे इस्पितळ उघडले, जे पुढे सोरोका या नावाने ओळखले जाऊ लागले. आणि गावोगाव तिपात हलावची केंद्रे होती. तिपात हलाव म्हणजे दुधाचा थेंब. हदास्साच्या परिचारिकांनी १९२० नंतरच्या वर्षांत यरुशलेममध्ये गरीब आयांच्या तान्ह्यांसाठी निर्जंतुक दूध वाटायला सुरुवात केली, त्यावरून हे नाव पडले.

त्या केंद्राच्या दारात एक लाकडी बाकडे असे. आम्ही शाळा भारतात पुरी करून इथे आलो आणि पुढे परिचारिका झालो, तेव्हा अनेक वर्षांपूर्वीच्या त्या बाकड्याच्या गोष्टी थोरल्या बायकांकडून ऐकल्या, आणि पुढे ते बाकडे स्वतः पाहिलेही. एकीकडे मोरोक्कोची, मध्ये रुमानियाची, शेवटी आपली. भाषा तिघींच्या तीन; हीब्रू तिघींनाही बेताची. पोटावर हात ठेवून बोटे दाखवायची, आठ की नऊ. आपल्या मावशींनी मोरोक्कन शेजारणीकडून पुदिन्याचा चहा घ्यावा आणि तिला सुंठीची वडी द्यावी. रात्री कळा सुरू झाल्या की ज्या घरी टेलिफोन आहे त्या दारावर कोण धावेल, थोरल्या मुलांना कोण सांभाळेल, हे त्या बाकड्यावर आधीच ठरलेले असे. दिमोनाहून बेरशेबा सुमारे ३५ किलोमीटर. अवघडलेल्या बाईला रात्री ते अंतर फार लांबचे वाटे.

याच काळात, १९६२ साली, मुख्य रब्बीनातने आपल्या लग्नांविषयी सूचना काढली की बेने इस्राएल वधू-वरांच्या आईची, आईच्या आईची, आणि मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. १९६४ साली यरुशलेमला आपल्या लोकांनी धरणे धरले, त्या वर्षी १७ ऑगस्टला क्नेसेतची खास बैठक झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढण्यात आले. त्या दोन-अडीच वर्षांत ज्या बायका नवव्या महिन्यात होत्या, त्यांना पोटातल्या लेकीच्या लग्नाची काळजी तिच्या जन्माआधीच लागली होती. बाकड्यावरच्या शेजारणीने मात्र कधी कोणाची आजी विचारली नाही, असे एक थोरल्या बाई आम्हांला सांगत असत.

दोन आठवणी

आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतील दोन प्रसंग आहेत. नावे-गावे सांगत नाही.

एक आपली सून, पहिलटकरीण, आठवा महिना संपत आलेला. डोके दुखत होते, पण उन्हाने असेल म्हणून ती घरीच होती. शेजारीण भाजी द्यायला आली आणि तिचे लक्ष हातांकडे गेले. काल खुळखुळणाऱ्या काचेच्या बांगड्या आज मनगटात रुतल्या होत्या. तिने हिला हात धरून केंद्रात आणले. रक्तदाब तपासला तो फार वर गेलेला, लघवीत प्रथिने. तासाभरात तिला इस्पितळात पाठवले. आई आणि मूल दोघे वाचले.

दुसरी त्याच सुमाराची. नवरा रात्रपाळीला, नव्या शिकूनमध्ये नवीच आलेली, ओळख कोणाशी नाही. मूल हलायचे कमी झाले होते. ती एका दवाखान्यात गेली. तिचे हीब्रू तिथे कोणी धड ऐकून घेतले नाही आणि तिला घरी पाठवले. दोन दिवस तिने कोणाला सांगितले नाही, कारण सांगायला कोणी नव्हते. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा बाळाचे ठोके लागले नाहीत. त्या बाईचा हात आमच्या हातात होता. इतकी वर्षे झाली तरी तो विसरता आला नाही.

या दोघींमध्ये औषधाचा, यंत्राचा फरक नव्हता. एकीला शेजारीण होती, दुसरीला नव्हती.

आज

आज शास्त्रही याकडे पाहू लागले आहे. कळा चालू असताना सतत सोबत असेल तर बाळंतपण थोडे लवकर होते आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, असे २६ चाचण्या आणि १५ हजारांवर बायकांच्या आधारे २०१७ साली मांडले गेले. अमेरिकेत एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या बायकांना गटाने तपासण्याची पद्धत निघाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा गटांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १३.८ टक्क्यांवरून ९.८ टक्के आढळली. पुढच्या सर्वच चाचण्यांत इतका फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. सोबत म्हणजे औषध नव्हे. पण बांगडी रुतलेली कोणाच्या तरी डोळ्यांना दिसावी लागते.

आपल्या नाती आता हीब्रूत बोलतात, नोकऱ्या करतात, उत्तम इस्पितळांत बाळंत होतात. तरी शेवटच्या आठवड्यांत दार लावून, फोन हातात घेऊन एकटीच बसलेली मुलगी आम्ही पाहतो. म्हणून वाचक भगिनींना दोन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या इमारतीत, आपल्या मशिदीत कोणाचे दिवस भरत आले आहेत ते ठाऊक असू द्या. आठवड्यातून एकदा अशा दोघी-तिघींना एका घरी चहाला बोलवा. त्या आपसांत बोलतील. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहरा आणि हात सुजणे, रक्त जाणे, पाणी जाणे, मूल कमी हलणे, यांतले काहीही कानांवर आले तर त्याच घटकेला तिला घेऊन निघा. उद्यावर टाकू नका.

दुसरी, घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील तर त्यांना विचारा, तुमच्या बाळंतपणाच्या वेळी जवळ कोण होते. त्या शेजारणीचे नाव वहीत लिहून ठेवा, ती आपली असो, मोरोक्कोची असो की रुमानियाची. ज्यांना ते ठाऊक आहे अशा बायका दरवर्षी कमी होत आहेत.