गोपनीयताकेंद्री न्याहाळकाकडे स्थलांतर

गोपनीयताकेंद्री न्याहाळकाकडे स्थलांतर म्हणजे संगणकावर वा भ्रमणध्वनीवर आधीपासून असलेला न्याहाळक अर्थात ब्राउझर सोडून, वापरकर्त्याचा माग काढणाऱ्या यंत्रणांना मूळ मांडणीतच अटकाव करणारा न्याहाळक स्वीकारणे. फायरफॉक्स, ब्रेव्ह, टॉर, डकडकगो आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचा उला ही त्याची परिचित उदाहरणे होत. जमिनीचे उतारे, दाखले, परीक्षांचे अर्ज आणि बँकव्यवहार न्याहाळकातून होऊ लागल्यापासून सातारा व सांगलीसारख्या जिल्ह्यांतही हा विषय तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

पार्श्वभूमी

संकेतस्थळ वापरकर्त्याच्या यंत्रावर कुकी नावाची छोटी नोंद ठेवते. ती त्याच संकेतस्थळाची असेल तर फारसे बिघडत नाही. मात्र एकाच जाहिरात कंपनीची कुकी अनेक संकेतस्थळांवर वाचली जाते, तेव्हा सांगलीच्या हळदीचा भाव पाहणे, गुडघेदुखीवरील लेख वाचणे आणि कर्जाचे व्याजदर तपासणे ही तीन वेगळी कामे एकाच माणसाच्या खाती जमा होतात. अशा त्रयस्थ कुकींवर ॲपलच्या सफारीने २०१७ मध्ये निर्बंध आणले. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ज्ञात मागकाढ्या कुकी सर्वांसाठी रोखल्या आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र कप्प्यात ठेवण्यास आरंभ केला. गूगलने क्रोममधून त्रयस्थ कुकी हटवण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते. जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. कायदा विदा गोळा करणाऱ्यावर बंधन घालतो. न्याहाळक मुळात बाहेर जाणारी विदाच कमी करतो.

पर्याय व त्यांच्या मर्यादा

यांपैकी कोणताही न्याहाळक निर्दोष नाही. फायरफॉक्स मुक्त स्रोत आहे, पण त्याच्या निर्मात्यांचे मोठे उत्पन्न गूगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येते. जावास्क्रिप्ट भाषेचे जनक ब्रेंडन आइक यांच्या कंपनीचा ब्रेव्ह जाहिराती आपोआप अडवतो. तथापि २०२० मध्ये काही आभासी चलन संकेतस्थळांचे पत्ते टंकताना तो स्वतःच्या दलालीचे दुवे जोडत असल्याचे उघड झाले व कंपनीला माघार घ्यावी लागली. उला २०२३ मध्ये आला आणि मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या स्वदेशी न्याहाळक स्पर्धेत पहिला ठरला. ब्रेव्ह व उला हे दोन्ही क्रोमियम या गूगलप्रणीत पायावरच उभे आहेत. टॉर सर्वांत काटेकोर, पण संथ. बँकेच्या कामासाठी तो गैरसोयीचाच.

मराठीचा ठसा

कुकी अडवल्या तरी यंत्राची वैशिष्ट्ये जुळवून माणूस ओळखता येतो. यास अंगुलीमुद्रण म्हणतात. न्याहाळक प्रत्येक संकेतस्थळाला पसंतीची भाषा कळवतो. जगाच्या गर्दीत मराठी ही पसंती विरळ असल्याने, ती पडद्याच्या आकाराशी व संगणकातील देवनागरी टंकांशी जोडली की वापरकर्ता लवकर वेगळा पडतो. त्यामुळे टॉर संकेतस्थळांकडे इंग्रजीची मागणी करण्याचा पर्याय देतो. मातृभाषेत वावरण्याची ही किंमत अन्यायाची आहे, परंतु आज तरी ती टळलेली नाही.

सातारा व सांगलीतील वापर

महाभूलेख संकेतस्थळावर हे दोन्ही जिल्हे पुणे विभागात येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला आणि त्यासाठी शुल्कही जालावरच भरावे लागते. कडक अटकाव लावलेल्या न्याहाळकात असे शुल्काचे पान किंवा सुरक्षा संकेताचे चित्र कधी उघडत नाही. अशा वेळी न्याहाळक बदलण्यापेक्षा तेवढ्या संकेतस्थळापुरती ढाल उतरवावी. सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर खाजगी खिडकी वापरणे हिताचे, कारण ती बंद होताच इतिहास व कुकी पुसल्या जातात. मात्र इंटरनेट पुरवठादारापासून ती काही लपवत नाही, आणि उतरवून घेतलेली आधार कार्डाची प्रत संगणकावर तशीच राहते. ती हाताने काढावी लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचा हेतू मुलांचा अभ्यास व घरातील संवाद हा होता. मोबाइल पुन्हा हाती आल्यावर त्यातील माहिती कोणाकडे जाते, हा त्याहून निराळा प्रश्न आहे.

स्थलांतराची रीत

नवा न्याहाळक उघडताच तो जुन्यातील वाचनखुणा व परवलीचे शब्द आयात करण्याचे सुचवतो. परवलीचे शब्द धारिकेच्या रूपात बाहेर काढले असतील, तर ती धारिका साध्या मजकुराची असते. काम होताच ती कचरापेटीतूनही पुसावी. त्यानंतर नवा न्याहाळक मूलनिवड म्हणून ठेवावा व शोधयंत्रही तपासावे, अन्यथा शोधांची नोंद पूर्ववत गूगलकडेच जात राहते. जुना न्याहाळक पंधरवडाभर राहू द्यावा, कारण एखादे विसरलेले खाते हमखास निघते. फेसबुक व इन्स्टाग्राममधील दुवे मूलनिवड बदलूनही त्या उपयोजनांच्या अंतर्गत न्याहाळकातच उघडतात. ते बाहेर उघडण्याचा पर्याय तीन टिंबांच्या यादीत सापडतो.