वाड्याची परिभाषा

वास्तूचा इतिहास लिहिताना शिलालेख, बखरी व दप्तरे यांचा आधार घेतला जातो; वास्तूच्या अंगोपांगांची नावे मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. वस्तुतः तीही साधनेच होत. नाशिकचा पेशवेकालीन सरकारवाडा आणि चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल या वास्तू कोरीव लाकडी खांबांसाठी प्रसिद्ध आहेत. दोघींची नावे संमिश्र आहेत. 'सरकार' हा शब्द फारसी, तर 'वाडा' हा संस्कृत 'वाट' म्हणजे वेढलेली जागा यापासून आलेला. 'रंग' संस्कृत, तर 'महाल' मूळचा अरबी.

हे मिश्रण यदृच्छेने झालेले नाही. वाड्याचा दर्शनी भाग हा कारभाराचा भाग. तेथे दरवाजा, नगारखाना, दिवाणखाना, महिरप, तक्तपोशी असे फारसी-अरबी शब्द भेटतात. चौक ओलांडून आत जावे तसतशी भाषा पालटते : ओसरी, माजघर, देवघर, कोठी, चूल. 'माजघर' हे 'मध्यगृह'च होय. सुताराचे खांब, तुळई, कडीपाट हे शब्दही देशीच राहिले. मुदपाकखान्यासारखा शब्द अपवाद भासतो. परंतु सरदाराघरी स्वयंपाक हेही एक स्वतंत्र खातेच असल्याने तो नियमाला पुष्टीच देतो.

शिवकालात रघुनाथपंडितांच्या 'राजव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तथापि पुढील शतकातील वाड्यांत दिवाणखाना दिवाणखानाच राहिला. कोशापेक्षा कचेरीतील रूढी बलवत्तर ठरली, असे म्हणावे लागते.

इंग्लंडमधील सरदारांच्या ग्रामीण प्रासादांशी तुलना केली असता उलट क्रम दिसतो. तेथे सर्वांनी एकत्र जमण्याच्या मोठ्या दालनाचे 'हॉल' हे नाव जुने आंग्ल-सॅक्सन. 'पार्लर' व 'चेंबर' ही खाजगी दालनांची नावे फ्रेंचमधून आलेली. 'ड्रॉइंग-रूम' हाही आरंभी सभाजनांपासून निवृत्त होण्याचा कक्ष होता. या विरोधाची संगती लावता येते. १०६६ नंतर तेथे गृहस्वामीच फ्रेंचभाषी झाला. म्हणून परका शब्द अंतर्गृहात शिरला. महाराष्ट्रात गृहस्वामी मराठीभाषीच होता. फारसी ही त्याच्या घराची नव्हे, तर अधिकाराची भाषा होती. म्हणून ती बहुतांशी चौकापाशीच थांबली.

आज नाशिकमधील सदनिकांत हॉल, बेडरूम आणि किचन आहेत. फारसीच्या शतकानुशतकांच्या वर्चस्वातही सामान्य मराठी घरातील चुलीपाशी मराठीच नांदत होती. इंग्रजी शब्द मात्र थेट तेथवर पोहोचले आहेत. जुने वाडे पाडले जात असताना त्यांची मोजमापे व छायाचित्रे घेतली जातात, हे योग्यच. परंतु माजघर नाहीसे झाल्यावर त्याचा शब्द सांगणारेही फार काळ उरत नाहीत. म्हणून वास्तूच्या नोंदीबरोबर तिच्या शब्दांची नोंद होणे अगत्याचे आहे.