वस्ताद ते क्रीडाशिक्षक : वऱ्हाडातील एक परंपरा



मराठीत 'तालीम' म्हटले की लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका डोळ्यांपुढे येतात. उर्दूत 'तालीम' म्हटले की पाटी, पुस्तक आणि मदरसा आठवतो. शब्द मात्र एकच आहे. तो मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'शिकवणे' असा होतो. 'उस्ताद' या फारसी शब्दाचा मराठीत 'वस्ताद' झाला. 'पहिलवान', 'कसरत', 'मैदान' आणि 'जोर' हे शब्दही याच वाटेने मराठीत आले. आपल्या घरांतून या दोन्ही भाषा नांदतात, म्हणून ही गोष्ट आपणांस विशेष जवळची वाटावी. आपल्या पूर्वजांनी शरीर घडविणाऱ्याला आणि बुद्धी घडविणाऱ्याला एकच पदवी दिली होती. दोघेही उस्तादच!

आज मात्र शाळेतील गणिताच्या सरांना जो मान मिळतो तो खेळाच्या सरांना मिळतो काय? परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी कोणता तास काढून घेतला जातो? या प्रश्नांची उत्तरे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. हा मान कसा गेला, तो परत मिळविण्यासाठी कोणी काय केले आणि त्या कामात आपल्या वऱ्हाडाचा वाटा काय, याचा थोडक्यात विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वस्तादाचा मान

जुन्या काळी वस्तादाला ना पगार होता, ना प्रमाणपत्र. त्याचा मान त्याच्या शागिर्दांच्या हाती असे. चांगला शागीर्द निघाला तर वस्तादाचे नाव होई, नाहीतर ते त्याच्याबरोबरच मातीत जाई. अशा मानाचे सर्वांत सुंदर उदाहरण बडोद्याचे आहे. तेथील प्रसिद्ध व्यायामपटू प्रोफेसर माणिकराव यांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद होते. पुढे माणिकरावांची कीर्ती सर्वत्र पसरली. तरीही त्यांनी आपल्या आखाड्याला स्वतःचे नाव दिले नाही, उस्तादाचे दिले. बडोद्याचे 'श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर' ते हेच. एका मराठी शिष्याने आपल्या मुसलमान गुरूचे नाव दारावर कोरावे, याहून मोठा सत्कार तो कोणता?

परंतु प्रत्येक वस्तादाला माणिकराव लाभत नाहीत. शिवाय इंग्रजी अमदानीत शाळा वाढल्या तेव्हा वस्ताद शाळेच्या दाराबाहेरच राहिला. शाळेला परीक्षा उत्तीर्ण झालेला, लेखी अभ्यासक्रम ठाऊक असलेला, तीस-चाळीस मुलांना एकाच वेळी शिकवू शकणारा शिक्षक हवा होता. आखाड्यात एकेका शागिर्दाला वर्षानुवर्षे तयार करणाऱ्या वस्तादाजवळ विद्या होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता. ज्या विद्येवर शिक्का नाही तिला पगारपत्रकात जागा नाही, असा तो नवा काळ होता.

अमरावतीचा उद्योग

ही उणीव ओळखून काम करणारी संस्था आपल्या अमरावतीतच उभी राहिली. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव ऊर्फ अण्णासाहेब या वैद्य बंधूंनी अमरावतीत 'श्री हनुमान क्लब' सुरू केला. पुढे त्याचा 'श्री हनुमान आखाडा' झाला आणि त्यानंतर 'श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ'. या तिन्ही नावांकडे जरा लक्ष द्या. क्लब हा सभासदांपुरता असतो. आखाडा हा शागिर्दांपुरता असतो. 'प्रसारक मंडळ' मात्र आपली विद्या गावोगावी पोहोचविण्याचे व्रत घेते. आणि विद्या पोहोचवायची तर ती पोहोचविणारी माणसे आधी तयार करावी लागतात.

म्हणूनच मंडळाचे लक्ष पहिलवान तयार करण्याइतकेच शिक्षक तयार करण्याकडे राहिले. १९२० नंतरच्या दशकात मंडळाने उन्हाळी वर्ग सुरू केले. उन्हाळा निवडण्यात मोठे शहाणपण होते. त्या दिवसांत शाळांना सुट्टी असते. त्यामुळे कामावर असलेला शिक्षकही पगार न गमावता येऊन शिकू शके आणि जूनमध्ये शाळा उघडली की शिकलेले लगेच मुलांपुढे मांडू शके. मे महिन्यातले वऱ्हाडातले ऊन कसे असते ते आपणांस सांगावयास नको! त्या उन्हात भल्या पहाटे उठून मल्लखांब, लाठी, लेझीम आणि कवायत शिकणारी ती माणसे होती. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही तरुणपणी याच आखाड्यात व्यायामाचे शिक्षण घेतले होते.

त्या सुमारास देशात इतरत्रही हा विचार मूळ धरीत होता. मद्रासला १९२० साली वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. पण आपले वऱ्हाड त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते, मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. तेव्हा या भागातील तरुणांसाठी अमरावतीचा आखाडा हेच घराजवळचे विद्यापीठ होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

खेळ लिहून काढल्याशिवाय तो शाळेत शिकविता येत नाही. म्हणून नियम ठरविण्याचे कामही याच पिढीने केले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ च्या सुमारास हुतूतू व खो-खो यांचे नियम नीट बांधून छापले, आणि या गावचा डाव त्या गावी मान्य नाही ही तक्रार हळूहळू संपली. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांपुढे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ज्या हुतूतूला गावातले शिकलेले लोक पोरांचा धिंगाणा म्हणत, तो खेळ जगाच्या मैदानावर मांडला गेला. अशा प्रसंगाने खेळाची प्रतिष्ठा वाढते आणि तो शिकविणाऱ्याचीही वाढते.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर सरकारने या कामात लक्ष घातले. १९५३ साली राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने खेळाच्या प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. १९५४ साली शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि शाळेतल्या मुलाला जिल्ह्यापासून देशापर्यंतची शिडी मिळाली. १९६१ साली पतियाळा येथे प्रशिक्षक घडविणारी राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. इकडे अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९६७ साली शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. उन्हाळी वर्गाच्या जागी विद्यापीठाची पदवी आली. उणीव होती ती शिक्क्याची. तो शिक्का असा अर्धशतकाच्या खटपटीनंतर मिळाला. मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्ते प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री देण्यात आली, तीही शारीरिक शिक्षणाच्या कार्यासाठीच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मंडळ ही काही शिक्षकांची वेतनासाठी लढणारी संघटना नव्हे. ते काम जिल्ह्याजिल्ह्यांतील शारीरिक शिक्षकांच्या संघटना करतात. पदे भरा, तास कापू नका, पंचांना योग्य भत्ता द्या, अशा मागण्या त्या लावून धरतात आणि निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा सत्कारही करतात. अमेरिकेत तर हायस्कूलच्या क्रीडा प्रशिक्षकांची स्वतःची राष्ट्रीय संघटना आहे. ती दरवर्षी खेळवार उत्तम प्रशिक्षक निवडून त्यांचा गौरव करते. परंतु संघटना झाली तरी तिच्याआधी व्यवसाय उभा राहावा लागतो. शिक्षण, प्रमाणपत्र, ठरलेले नियम आणि एकमेकांना ओळखणारे सहकारी हा त्याचा पाया होय. वऱ्हाडात तो पाया अमरावतीने घातला.

सन्मान उशिरा येतो

आता सन्मानाकडे वळू. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला १९८५ साल उजाडले. म्हणजे शिष्याचा सत्कार आधी आणि गुरूचा चोवीस वर्षांनी! पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार आणि कुस्तीचे भालचंद्र भागवत हे होते. १९९० साली मुंबईच्या रमाकांत आचरेकर यांना हा पुरस्कार मिळाला. त्यांच्या हाताखालच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी, १९८८ साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ धावांची अभंग भागीदारी केली होती. शाळकरी मुलांचा गुरू देशाचा मानकरी होऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

पण या चोवीस वर्षांच्या उशिरात कोण राहून गेले? याचे उत्तर शोधायला हैदराबादला जावे लागते. १८५३ पर्यंत आपले वऱ्हाड निजामाच्याच कारभारात होते, तेव्हा ते शहर आपणांस परके नाही. तेथे सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर होते. शिकविता शिकविता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी पत्करली. हेच रहीमसाहेब पुढे भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. कर्करोगाने जर्जर झालेले असतानाही जकार्त्याला ते संघाबरोबर होते. जून १९६३ मध्ये ते वारले. द्रोणाचार्य पुरस्कार त्यानंतर बावीस वर्षांनी निघाला. त्यांच्या जीवनावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. मुलांना विचारा, त्या संघातल्या चुन्नी गोस्वामींचे किंवा पी. के. बॅनर्जींचे नाव कदाचित सांगतील. त्यांच्या मास्तरांचे नाव किती जण सांगतील?

आपल्यापुढचा प्रश्न

सुज्ञ पालकहो, शिकलास तर नवाब होशील आणि खेळलास तर वाया जाशील, या अर्थाची म्हण आपल्या घरांत अजून ऐकू येते. तिचा परिणाम मुलावर होतो तसा त्याच्या खेळाच्या शिक्षकावरही होतो. कायदाही या बाबतीत हात राखूनच बोलतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान असावे असे म्हटले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक द्यावा, असेही म्हटले. पण हा निदेशक अंशकालीन! अर्धवेळ शिक्षकाकडून पूर्णवेळ निष्ठेची अपेक्षा करणे कितपत न्यायाचे आहे, याचा विचार आपणच करावा.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलीला मैदानावर पाठविताना आई-वडिलांचा विश्वास असतो तो खेळावर नव्हे, शिकविणाऱ्यावर. निझामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी दोनदा मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिला खेळाची पहिली वाट दाखविणारे तिचे वडीलच होते. मुष्टियुद्ध आपल्या भागालाही नवीन नाही. अकोल्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत त्याचे शिक्षण मिळते. ज्या मुलीच्या वडिलांना खेळ येत नाही तिच्यासाठी ती वाट शाळेतल्या सरांनी किंवा बाईंनीच दाखवायची असते. शाळेत असा विश्वासाचा माणूस नसेल, तर किती मुली त्या वाटेच्या तोंडाशीच थांबत असतील?

म्हणून पालकांना विनंती आहे की, शाळेच्या सभेत निकालाची टक्केवारी विचाराल तेव्हा हेही विचारा : खेळाचे शिक्षक पूर्णवेळ आहेत काय? त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी कोठून घेतली? सुट्टीत नवे नियम शिकण्यासाठी शाळा त्यांना वर्गाला पाठविते काय? परीक्षेच्या महिन्यात त्यांचा तास राहतो की जातो? बक्षीस समारंभात ढाल हाती घेणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या सरांचेही नाव पुकारले जावे. याला खर्च काही नाही. आपल्या संस्थांच्या चालकांनीही गुणी क्रीडाशिक्षकांची नोंद ठेवावी आणि त्यांची नावे जिल्ह्याकडे व राज्याकडे वेळेवर पाठवावीत. उत्तम मार्गदर्शकांचा गौरव राज्य शासनही करते, पण ज्याचे नाव कोणी पाठवितच नाही त्याचा गौरव होणार तरी कसा?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला डॉक्टर व्हायचे असेल, कोणाला वकील. ज्याला किंवा जिला मैदान आवडते, त्यांनी क्रीडाशिक्षक होण्याचाही विचार करावा. त्या विद्येचे महाविद्यालय दूर नाही, अमरावतीतच आहे. आपल्या शाळांना तुमची गरज आहे. वऱ्हाडात 'तालीम' या शब्दाचे दोन्ही अर्थ आजही चालतात. ते एकाच शाळेत, एकाच वेळापत्रकात आणि सारख्याच मानाने नांदावेत, एवढीच अपेक्षा.